सेवाप्रकल्प पोरांचा, मार्गदर्शक तुम्ही: कुठल्या क्रमानं काय करायचं आणि कुठं हात आखडायचा

दिवाळी झाली की फोन सुरू होतात. "काका, पोरगी सेवाप्रकल्प करतीय, जरा बघा की." मी सांगली-मिरज भागात अकरावी-बारावीच्या मुलांबरोबर मार्गदर्शक म्हणून जातो. राष्ट्रीय सेवा योजनेतली मुलं असतात, स्काउट-गाइडमधली असतात, कधी नुसती हौसेनं आलेली असतात. यातले बरेच प्रकल्प फसतात. मुलं आळशी म्हणून फसत नाहीत. आपण मोठी माणसं चुकीच्या वेळी हात घालतो आणि घालायचा तेव्हा गप्प बसतो, म्हणून फसतात. हा लेख त्या मोठ्या माणसांसाठी आहे.

सगळीकडे एकच उदाहरण घेतो, म्हणजे धागा सुटणार नाही. पलूस तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या एका गावात अकरावीतल्या मुलीनं २०१९ आणि २०२१ च्या पुराचं पाणी कुठवर आलं होतं त्याच्या खुणा गल्लीगल्लीत रंगवल्या. चाळीस खुणा झाल्या. त्या काढताना आमच्या ज्या चुका झाल्या त्या सांगतोच, आणि त्याआधीच्या एका प्रकल्पात माझी जी फजिती झाली तीही.

## ० : मूल भेटण्याआधी स्वतःची तयारी

माझ्या पहिल्या प्रकल्पात एक मुलगा शाळेची भिंत रंगवणार होता. रंगाचं दुकान माझ्या ओळखीचं. मीच फोन केला, मीच भाव पाडला, प्रायमरही मीच निवडला. शेवटी तपासायला आलेल्या बाईंनी त्याला साधा प्रश्न विचारला, "हाच प्रायमर का घेतलास?" पोरगं माझ्याकडं बघायला लागलं. मी छताकडं बघितलं.

तेव्हापासून पहिल्या भेटीआधी एका कागदावर दोन रकाने करतो. डावीकडं 'मी करणार', उजवीकडं 'मी करणार नाही'. डावीकडं फार थोडं येतं: प्रश्न विचारणं, धोका दिसला तर थांबवणं, मुलाला ठाऊक नसलेला माणूस किंवा कार्यालय सांगणं, ठरल्या वारी भेटणं. उजवीकडं फोन, अर्ज, खरेदी, हिशोब, सूचना देणं, भाषण. हा कागद मुलाला आणि त्याच्या आईवडिलांना पहिल्याच दिवशी दाखवायचा. वडिलांना दाखवणं जास्त गरजेचं असतं.

अमेरिकेतल्या स्काउटिंगमध्ये 'ईगल स्काउट' या सर्वोच्च पदासाठी मुलाला असा प्रकल्प करावा लागतो, आणि तिथं प्रकल्प-मार्गदर्शकाची भूमिका ठरवून दिलेली आहे: सल्ला द्यायचा. मंजुरी देण्याचा किंवा नाकारण्याचा अधिकार त्याला नसतो. हे आपल्याकडंही पाळण्यासारखं आहे. तुम्हीच राष्ट्रीय सेवा योजनेचे कार्यक्रम अधिकारी, तुम्हीच मार्गदर्शक, असं असेल तर मूल तुमच्या तोंडाकडं बघून बोलतं. दुसरं कुणी मिळत असेल तर एक टोपी काढून ठेवा.

तपासा: प्रकल्प सुरू झाल्यावर दर रविवारी स्वतःच्या फोनमधले कॉल बघा. प्रकल्पासाठी तुम्ही मुलाखेरीज तिसऱ्याच कुणाला तीनपेक्षा जास्त फोन केले असतील, तर प्रकल्प तुमच्या हातात आलाय.

## १ : विषय छोटा करून घेणं

मुलं येतात ती मोठ्या गोष्टी घेऊन. 'प्लास्टिकमुक्त गाव', 'शंभर झाडं', 'व्यसनमुक्ती'. यावर व्याख्यान देऊ नका. तीन प्रश्न विचारा आणि उत्तरं लिहून आणायला सांगा, आठवड्यानं.

हे कुणाला हवंय, आणि त्या माणसानं तसं तुला स्वतः सांगितलंय का? काम संपलं हे कशावरून कळणार? तू बारावीला गेल्यावर हे कोण सांभाळणार?

शंभर झाडांचा बेत तिसऱ्या प्रश्नावर कोसळतो. जत-आटपाडीकडं, नाहीतर साताऱ्याच्या माण-खटावात, एप्रिल-मे मध्ये माणसांना टँकरचं पाणी, तिथं शंभर रोपांना कोण घालणार? पंधरा झाडं, पंधरा घरं, प्रत्येक घराचं एक झाड, असं केलं तर काही तरी उरतं.

आमच्या उदाहरणातली मुलगी आली होती 'पूर व्यवस्थापन जनजागृती' घेऊन. मी विचारलं, कुणाला हवंय? आठवड्यानं आली ती आजीचं वाक्य घेऊन. आजी म्हणाली होती, "दर साली पाणी चढाय लागलं की समदी इचारत्यात, गेल्या टायमाला कुठवर आलं हुतं? अन् समद्यांचं उत्तर येगळं." विषय तिथंच सापडला. जनावरं कधी सोडायची, धान्याची पोती माळ्यावर कधी टाकायची, हे गेल्या खुणेवरून ठरतं, आणि खूणच कुणाला नक्की आठवत नाही.

थांबा: विषय तुम्हाला मनापासून आवडला असेल तर सावध राहा. आपल्याला आवडलेल्या विषयात आपण जास्त लुडबुड करतो.

## २ : आधी जागेवर, मग कागदावर

बहुतेक जण इथं क्रम चुकवतात. विषय ठरला की थेट अर्ज लिहायला बसतात, आणि अर्जात 'गावातील विविध ठिकाणी' असं काहीतरी मोघम येतं. मोघम अर्जाला मोघम उत्तर मिळतं.

मुलाला आधी दोन फेऱ्या मारायला लावा. पहिली एकट्यानं, म्हणजे मित्राबरोबर पण तुमच्याशिवाय. दुसरी तुमच्याबरोबर, आणि त्या फेरीत बोलायचं मुलानं.

आमच्या पहिल्या फेरीत मुलीनं बावीस घरांत विचारलं, "पाणी कुठवर आलं होतं?" बावीस उत्तरं. काही तर एकाच भिंतीवर दीड फुटानं वेगळी. ती रडवेली होऊन आली. मी उत्तर दिलं नाही, एवढंच विचारलं, "हे सगळे एकाच पुराचं बोलतायत कशावरून?"

पुढचं तिचं तिनं शोधलं. २०१९ चं मोठं पाणी ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात, नागपंचमीच्या आगेमागे. २०२१ चं जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, आषाढी एकादशी होऊन दोन-तीन दिवसांत, आणि तेव्हा कोरोना होता. मग तिनं प्रश्नच बदलला. "कुठवर आलं?" याच्या आधी "तेव्हा नागपंचमी जवळ होती का? तोंडाला मास्क होते का?" असं विचारायला लागली. दोन पूर आपोआप वेगळे झाले. एका म्हातारीनं भिंतीतल्या लाकडी खुंटीवर बोट ठेवलं, "नागपंचमीचं पाणी ह्या खुंटीपाशी. मास्कवालं हितं, खाली." खुंटीला खालच्या अंगानं गाळाची फिकी रेघ अजून होती.

दुसरी युक्ती गवंड्याकडून मिळाली. पारदर्शक नळीत पाणी भरायचं, दोन्ही तोंडं उघडी ठेवायची. दोन्ही टोकांची पाण्याची पातळी कायम सारखी राहते, मधे कितीही वळणं असोत. गवंडी याच नळीनं घराची लेव्हल काढतात. एका गल्लीत साचलेल्या पुराचा पृष्ठभाग जवळजवळ सपाटच असतो. म्हणजे खुंटीची उंची नळीनं समोरच्या घरावर नेली की समोरचे सांगतात ती उंची पडताळता येते. तीन घरांचं दोन-तीन इंचांच्या आत जुळलं तर खूण नक्की. नाही जुळलं तर पुन्हा विचारायचं. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर माप खोटं येतं. आमचं एकदा आलं, चार इंचांनी. पाण्यात थोडी नीळ घातली की बुडबुडा लगेच दिसतो.

तपासा: पुढं जाण्याआधी मुलाच्या वहीत जागांची यादी हवी. घर किंवा भिंत कुणाची, माप किती, कुणी सांगितलं, कुणाशी पडताळलं. यादी नसेल तर तिसरी फेरी. अर्ज नंतर.

## ३ : परवानग्या, आणि त्यांचा क्रम

हा टप्पा सगळ्यात जास्त बिघडतो, म्हणून इथं जरा वेळ काढतो.

पहिलं घर आणि कॉलेज. मूल अठराच्या आतलं असेल तर आईवडिलांची लेखी संमती. त्यात कुठं, कोणत्या दिवशी, किती ते किती, बरोबर कोण मोठं माणूस, हे सगळं लिहिलेलं हवं. राष्ट्रीय सेवा योजनेतलं मूल असेल तर कार्यक्रम अधिकाऱ्यांची मान्यता काम सुरू होण्याआधी. झालेल्या कामाला मागाहून मान्यता मागणं म्हणजे जेवण झाल्यावर पान वाढणं.

दुसरं, सरपंचांशी तोंडी बोलणं. अर्ज घेऊन नाही, वही घेऊन. सकाळी नऊ-दहाला पंचायतीत किंवा त्यांच्या घरी. मूल बोलेल, तुम्ही शेजारी बसाल. सरपंच तुमच्याकडं बघून बोलायला लागले (लागतातच) तर तुम्ही मुलाकडं बघा. दोन मिनिटांत त्यांची मान वळते. आमच्या सरपंचताईंनी तिथंच एक मोलाची गोष्ट सांगितली: चावडीच्या भिंतीचा गिलावा महिन्यात निघणार आहे, तिथं खूण घालू नका. आधी अर्ज टाकला असता तर तो मंजूर झाला असता आणि खूण गिलाव्याबरोबर गेली असती.

तिसरं, घरमालक. आपल्या गावात भिंत एकाची नसते. भाऊवाटणी झालेली असते, नाहीतर व्हायची असते. थोरल्यानं हो म्हटलं आणि धाकट्याला विचारलं नाही, की रंगाचा डबा उघडायच्या वेळी धाकटा दारात उभा. सामाईक भिंत असेल तर दोघांच्या सह्या, नाहीतर पुढचं घर. भाऊबंदकी मिटवणं हा सेवाप्रकल्प नव्हे.

विजेच्या खांबावर काहीही करायचं नाही. खांब महावितरणचा असतो आणि त्यात प्रवाह उतरलेला असू शकतो. देवळाच्या भिंतीला पुजारी एकटा हो म्हणून चालत नाही, विश्वस्तांना विचारा.

चौथं, लेखी अर्ज. दोन प्रती. एक पंचायतीत द्यायची, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेऊन आपल्याकडं ठेवायची. ग्रामसेवकांना (पदनाम आता ग्रामपंचायत अधिकारी आहे, तोंडात अजून ग्रामसेवकच) विचारून घ्यायचं की विषय कोणत्या मासिक सभेत येईल. अर्ज मुलाच्या हातचा, मुलाच्या भाषेत. तुम्ही फक्त तारखा आणि मापं तपासा. मुलीचा अर्ज साधारण असा होता:

> मा. सरपंच, ग्रामपंचायत…
> विषय : पुराच्या पाण्याच्या उंचीच्या खुणा रंगवण्यास परवानगी मिळणेबाबत.
> मी इयत्ता अकरावीत शिकते. गावातील ४० ठिकाणी २०१९ व २०२१ च्या पुराची उंची दाखवणारी २ फूट लांब, ४ इंच रुंद पट्टी रंगवायची आहे. जागांची यादी व मालकांच्या सह्या सोबत जोडल्या आहेत. खर्च ग्रामपंचायतीकडून मागत नाही. काम झाल्यावर उरलेला रंग व नोंदवही ग्रामपंचायतीकडे देईन. काम दोन रविवारी सकाळी करणार आहे. तरी परवानगीचा ठराव व्हावा, ही विनंती.

'खर्च मागत नाही' आणि 'नोंदवही देईन' या दोन वाक्यांनी काम सोपं झालं. मासिक सभेत दहा मिनिटांत ठराव झाला. ठरावाची नक्कल हातात आल्याशिवाय ब्रश विकत घ्यायचा नाही.

थांबा: निवडणूक जाहीर झाली की आचारसंहिता लागते, आणि भिंतीवरच्या रंगाकडं सगळे संशयानं बघतात. निवडणूक जवळ असेल तर तारीखच पुढं ढकला. आणि वर्तमानपत्राच्या वार्ताहराला ठरावाआधी सांगू नका. बातमी आधी आली की ज्याला विचारायचं राहिलं तो रुसतो.

## ४ : एका पानाचा आराखडा

पानं वाढली की मूल लपतं त्यांच्या मागं. एकच पान, दोन्ही बाजूंनी. पुढं कामाची पायरी, कोण करणार, कधी. मागं साहित्य आणि खर्च.

वेळापत्रक आपल्याकडच्या कॅलेंडरवर बसवा. जूनपासून भिंती ओल्या असतात, दसऱ्यापर्यंत रंगाचं काम काढू नका. गणपतीत मुलं मंडळात. दिवाळीनंतर जानेवारीच्या मध्यापर्यंतचा काळ सगळ्यात बरा, फक्त ऊसतोडीमुळं रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग असते. मुलांना मुख्य रस्त्याकडेला उभं करू नका. फेब्रुवारी-मार्च परीक्षांचे. एप्रिलमध्ये जत्रा, आणि उन्हात दहाच्या पुढं भिंत तव्यासारखी तापते, ब्रश ओढताना रंग चिकटून येतो.

खर्चाच्या पानावर मुलं ढोबळ अंदाज लिहितात, तिथं प्रश्न विचारा. मुलीनं लिहिलं होतं: निळा ऑइलपेंट ४ लिटर, पांढरा ४ लिटर. मी म्हटलं, "हिशोब मांडून दाखव." तिनं मांडला. एक पट्टी दोन फूट बाय चार इंच, चाळीस पट्ट्या म्हणजे जेमतेम २७ चौरस फूट. दोन हात द्यायचे तर ५४. एक लिटर ऑइलपेंट शंभर चौरस फुटांना एक हात सहज पुरतो. म्हणजे पट्टीला एक लिटर निळा पुरून उरतो, आणि अक्षरांना पांढऱ्याचा छोटा डबा. आठ लिटरचे दीड लिटर झाले. ती म्हणाली, "मग वर्गणी कशाला काढायची?" खरंच काढली नाही.

## ५ : पैसा आणि फ्लेक्स

पैसे तुमच्या फोनवर घेऊ नका, मुलाच्याही नाही. जमलं तर वस्तू घ्या. एकानं प्रायमर दिला, एकानं ब्रश, एकानं शिडी दोन रविवार वापरायला. प्रत्येक वस्तू वहीत, देणाऱ्याच्या सहीनं. रोख घ्यावीच लागली तर कॉलेजच्या किंवा पंचायतीच्या नावानं पावती फाडून.

देणाऱ्यांपैकी एक जण हमखास विचारतो, "आमचं नाव कुठं येणार?" आधीच ठरवा. आमच्या खुणांवर साल आणि उंची एवढंच होतं. एका होतकरू पुढाऱ्यानं स्वतःच्या फोटोचा फ्लेक्स शुभेच्छुकांसकट देऊ केला होता. मुलगी म्हणाली, "दादा, पुढच्या पुरात फ्लेक्स वाहून जाईल, पट्टी राहील." तो हसला आणि ब्रश देऊन गेला. हे मी शिकवलं नव्हतं.

## ६ : माणसं आणि सुरक्षितता

इथं मात्र मार्गदर्शकानं मवाळ राहायचं नाही. बाकी सगळं मुलाच्या हातात असलं तरी धोका तुमच्या हातात.

कामाच्या वेळी कमीत कमी दोन मोठी माणसं हजर, त्यातलं एक मुलांच्या नात्यातलं नसावं. मुली असतील तर एक बाई हवीच. मुलाशी एकट्यानं बंद खोलीत बैठक नाही, एकट्याला गाडीवर घेऊन फिरणं नाही. निरोप ज्या ग्रुपवर आईवडील आहेत त्यावरच. हे तुमच्याही भल्याचं आहे.

शिडीवर मोठ्या माणसानंच चढायचं, खाली दुसऱ्यानं धरायची. टर्पेंटाइनचा डबा सावलीत, जवळ विडी-सिगारेट नाही. पडक्या भिंतीजवळ आणि दगडांच्या ढिगाऱ्यात हात घालायचा नाही, साप-विंचू असतात. प्रथमोपचार पेटी, प्यायचं पाणी, जवळचा दवाखाना कुठं आहे ते, आणि रुग्णवाहिकेसाठी १०८, हे आराखड्याच्या पानावर वरच लिहायचं.

आणि पूर आलेला असताना मुलांचा कोणताही प्रकल्प नसतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ब्रह्मनाळला पुरातून माणसं काढणारी बोट उलटली आणि माणसं गेली, हे पलूस तालुक्यात कुणाला सांगावं लागत नाही. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट धोका पातळी. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. इशारा पातळीच्या बातम्या सुरू झाल्या की वही मिटायची आणि मुलांनी घरी थांबायचं. "मदत करायला जातो" म्हणणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलाला अडवणं हेच त्या दिवशीचं मार्गदर्शन.

तपासा: मुलाला विचारा, "पाऊस आला तर? दोनच मित्र आले तर? कुणी पडलं तर पहिला फोन कुणाला?" तीन उत्तरं अडखळल्याशिवाय आली तरच तारीख नक्की करा.

## ७ : एक नमुना, आठ दिवस आधी

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. चाळीस करण्याआधी एक करा आणि आठ दिवस ठेवा.

आमचा नमुना चुन्याच्या भिंतीवर केला होता. पाचव्या दिवशी पापुद्रे सुटले. चुन्यावर ऑइलपेंट धरत नाही. चुना तारेच्या ब्रशनं खरवडायचा, ओल्या फडक्यानं धूळ पुसायची, वाळू द्यायचं, मग सिमेंट प्रायमर, तो वाळल्यावर पट्टी. हे रंगाऱ्यानं सांगितलं, पण त्याला विचारायला मुलगी गेली. तुम्हाला आधीच ठाऊक असेल तरी नमुना फसू द्या. एका पट्टीच्या नुकसानीत हे शिकणं स्वस्त पडतं.

आकड्यांसाठी साचा जुन्या एक्स-रेच्या फिल्मवर कापला. आणि नमुन्यातच दिसलं की 'पाण्याची उंची' एवढंच लिहिलं तर कशापासूनची उंची ते कळत नाही. मग पट्टीची वरची कड हीच पाण्याची रेघ असं ठरलं, आणि आकडा रस्त्यापासूनचा. मुलीच्या मावशीनं एक शंका काढली, "रस्ता पुन्हा काँक्रीटचा झाला तर?" बरोबर होतं. रस्ता चढला की आकडा खोटा ठरतो, रेघ मात्र खरी राहते. मग आकडा बारीक केला आणि रेघ ठळक.

## ८ : कामाचा दिवस

तुमची जागा सावलीत, खुर्चीवर, जिथून शिडी दिसते तिथं. चहाचा कप हातात ठेवा, म्हणजे ब्रश हातात येत नाही.

सकाळी पहिली दहा मिनिटं मूल सगळ्यांना काम समजावून सांगेल. ते अडखळेल. अडखळू द्या. दिवसभर लोक तुमच्याकडंच येतील: "काका, ही पट्टी कुठं?" उत्तर ठरलेलं: "तिला विचारा." पहिल्या तासात मी हे बारा-तेरा वेळा म्हटलं असेन. दुपारपर्यंत विचारणं बंद झालं.

बोलायचं फक्त तीन वेळा. कुणाला इजा होईल असं दिसलं तर लगेच, मोठ्यानं. परवानगी नसलेल्या भिंतीला ब्रश लागत असेल तर. आणि मुलगा किंवा मुलगी एखाद्याला घालूनपाडून बोलत असेल तर, पण बाजूला घेऊन. पट्टी थोडी वाकडी झाली, ठिपका सांडला, रंग कमी लागला, यातलं काहीही तुमचं नाही.

दोन चुका सांगतो. आमच्याकडं एका मुलाच्या वडिलांनी "द्या इकडं" म्हणून भराभर सहा पट्ट्या मारल्या. सुबक होत्या, पण माप न बघता मारलेल्या. दोन पुसून पुन्हा कराव्या लागल्या. हौशी पालकांना पाणी आणणं, शिडी धरणं, मुलांच्या गाड्या सावलीत लावणं, अशी कामं मुलाकडूनच आधी वाटून ठेवा. दुसरी चूक माझी. नाश्त्याची वेळ कुणी ठरवलीच नव्हती आणि मी विचारलंही नव्हतं. अकराला अर्धी मुलं घरी पोहे खायला गेली ती परत आली नाहीत.

## ९ : तासांची वही

राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० आणि सात दिवसांचं विशेष शिबिर, असा हिशोब असतो. त्यामुळं मुलं पहिल्या दिवसापासून तास मोजायला लागतात आणि काही जण वाढवून लिहितात. तासांची नोंद त्याच दिवशी, तिथंच, सही घेऊन. आठवड्यानं आठवून लिहिलेले तास नेहमी गोल आकड्यात असतात. विचारपूस, मापं, सभेची वाट बघणं, हेही तास आहेत. मुलं ते लिहायला विसरतात आणि मग ब्रशचे तास फुगवतात.

## १० : सोपवणं

फोटो काढले, नारळ फोडला, की सगळ्यांना काम संपलं असं वाटतं. अजून दोन बैठका उरलेल्या असतात.

पहिली मुलाबरोबर, काम झाल्यापासून आठवडाभरात. मुलानं लिहून आणायचं: काय ठरवलं होतं, काय झालं, काय बदलावं लागलं आणि का. बदल लपवू देऊ नका. आमच्या यादीत ४० जागा होत्या, त्यातल्या तीन ऐन वेळी बदलल्या. एका मालकानं नकार दिला, दोन भिंती ओल्या निघाल्या. हे तिच्या अहवालात आलं तेव्हा तपासणाऱ्या सरांनी सगळ्यात जास्त प्रश्न त्यावरच विचारले आणि तिनं न बघता उत्तरं दिली. मी खोलीबाहेर बसलो होतो. आत बसू नका, हेही सांगून ठेवतो.

दुसरी बैठक पंचायतीत. द्यायच्या वस्तू: जागांची आणि मापांची नोंदवही, प्रत्येक खुणेचा फोटो, एक्स-रेचे साचे, उरलेला रंग. डब्याच्या झाकणावर रंगाचं नाव आणि शेडचा नंबर मार्करनं लिहायचा, नाहीतर दोन वर्षांनी निळ्यावर दुसराच निळा बसतो. कुणी घर पाडून बांधलं तर खूण नव्या भिंतीवर कशी घ्यायची, म्हणजे समोरच्या घरावरून नळीनं, ते नोंदवहीच्या पहिल्या पानावर. पोच घ्यायची, आवक क्रमांकासकट.

पुढचा जून आला, रोहिण्या संपून मृग लागला, की मुलाला एकच फोन करा: "खुणा दिसतायत का बघून ये." तुम्ही जाऊ नका. आमची मुलगी गेली तर चाळीसातल्या अडतीस जाग्यावर होत्या, एकीवर चुना मारलेला, एकीपुढं कडब्याची गंज. आणि एका घरी म्हातारीनं पट्टीच्या खाली, आपल्या हातानं, गेरूनं आणखी एक रेघ ओढून ठेवली होती. विचारलं तर म्हणाली, "ही २००५ ची. तुमी इचारलंच न्हाई." मुलीनं तिथंच बसून माप घेतलं आणि नोंदवहीत जोडायला पान मागायला पंचायतीत गेली.